पदवीला दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी: रकाना भरायचा का, अर्ज कुणाकडे, आणि ऐन पेपरला काय अडतं?

निंबोणी
पदवीचे प्रवेश सुरू झालेत. या विषयावरची माहिती दहा धाग्यांत विखुरलेली आहे, ती एका ठिकाणी यावी म्हणून हा धागा. दोन प्रश्न आहेत.

एक, प्रवेशअर्जात 'दिव्यांग आहात का' असा रकाना असतो. राखीव जागा नकोच आहे, गुणांवर प्रवेश मिळतोय, तरी तो भरावा का?

दोन, सोयींबद्दल विचारलं की कॉलेजचं ठरलेलं उत्तर येतं, "परीक्षेच्या वेळी बघू." माझ्या मते हे अजिबात मान्य करू नये. परीक्षेच्या वेळी बघायला कुणी जागेवर नसतं, आणि असलं तरी 'वरून पत्र आणा' म्हणतं. सोय मिळते ती लेखी मागितली तर, आणि वेळेत मागितली तर. कुणाचं वेगळं मत असेल तर मांडा. तपशील हवेत, नुसती हळहळ नको.

कृष्णाकाठ
दुसऱ्याला +१. पहिल्याला: भरू नये. वर्गात गाजावाजा होतो.

बेरकी_कारकून
अर्जातला रकाना वर्गात कोण वाचून दाखवतं हो? असो, त्यावर नंतर येतो. आधी कागद.

मूळ कागद यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं केंद्र सरकारचं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, सोबत फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं याच पोर्टलवरून निघतात, त्यामुळे हाती लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र असेल तर आधी ते ऑनलाइन करून घ्या. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. २०२४ च्या सुधारित नियमांत प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. म्हणजे निकालानंतर अर्ज केलात तर पहिल्या सत्राची अंतर्गत चाचणी कार्डाविना जाणार. अर्ज केल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक जपून ठेवा, कॉलेजला तोवर त्याची प्रत देता येते.

कार्डाचे रंग दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवर: ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं.

आता घोळ कुठे होतो? नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, कार्डावर तिसरंच स्पेलिंग. परीक्षा विभागाला नाकारायला तेवढं पुरतं. कार्ड छापून येण्याआधी दुरुस्त करा, नंतर हेलपाटे दुप्पट.

स्पष्टवक्ती
पांढऱ्या कार्डाला काहीच मिळत नाही, मग ते काढायचं कशाला?

अंगठेबहाद्दर
हाच गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दोन वेगळ्या व्याख्या आहेत. कलम २(आर) म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्व, ४० टक्के आणि वर. कलम २(एस) म्हणजे दिव्यांग व्यक्ती, तिथे टक्केवारीच नाही. कलम ३२ मधलं उच्च शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण आणि वयात पाच वर्षांची सूट पहिल्या गटाला. परीक्षेतल्या आणि वर्गातल्या वाजवी सोयी मात्र दुसऱ्या, मोठ्या गटालाही लागू होतात.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला 'विकास कुमार विरुद्ध यूपीएससी' या निकालात हेच सांगितलं. तिथे प्रश्न रायटर्स क्रॅम्पचा होता, म्हणजे लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा. लक्षणीय दिव्यांगत्व नाही म्हणून लेखनिक (सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) नाही, ही आयोगाची भूमिका टिकली नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळी नियमावली काढली. त्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या समितीचं प्रमाणपत्र लागतं, एकट्या डॉक्टरचं चालत नाही. या दोन तारखा अर्जात लिहा. बाबू लोक निकाल वाचत नाहीत, पण तारीख दिसली की फाइल पुढे सरकते.

शेवटचा_बाक
कायद्याच्या यादीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत ना? एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) त्यात येतं का?

अंगठेबहाद्दर
स्वतंत्र नोंद नाही. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितातली अडचण) आहे, मानसिक आजार आहे. एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमताही असली तर तिच्या नावाने प्रमाणपत्र मिळू शकतं. मधुमेहही यादीत नाही, पण इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला परीक्षेच्या वर्गात ग्लुकोजच्या गोळ्या, पाणी आणि ग्लुकोमीटर जवळ ठेवायची परवानगी केंद्रप्रमुख देऊ शकतात. तिथे कायद्याची कलमं नाचवू नका. डॉक्टरांचं पत्र द्या आणि 'वस्तू पारदर्शक पाकिटात असतील' हे वाक्य घाला.

विदर्भवासी
आमच्याकडे गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर पट्ट्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) खूप. तो यादीत आहे, हे कॉलेजांनाच ठाऊक नसते. थॅलेसेमिया आणि हिमोफिलियापण आहेत. या मुलांना लेखनिक सहसा नको असतो, वेगळ्याच गोष्टी लागतात. पाण्याची बाटली बाकावर, लघवीला जायची मुभा, एसी किंवा कूलरच्या थेट झोतात आसन नको (थंडीने त्रास उसळतो), आणि मुख्य म्हणजे दुखणं उठलं तर चुकलेली अंतर्गत चाचणी परत घेण्याची तरतूद. हे शेवटचं आधीच लेखी मंजूर करून घ्याव. दवाखान्यातून सुटल्यावर मागितलं तर प्राध्यापक म्हणतात, गुण भरून पाठवून झाले.

उपस्थितीचा प्रश्नही तोच. ७५ टक्क्यांची अट कार्ड दाखवून आपोआप शिथिल होत नाही. दर वेळचे डिस्चार्ज कार्ड त्याच आठवड्यात जमा करून पोच घ्या. सत्राच्या शेवटी गठ्ठा दिला की संशय येतो.

निंबोणी
विदर्भवासी, हे फार कामाचं. आता लेखनिक आणि वेळ यावर कुणीतरी सविस्तर लिहा. सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच आहेत.

कागदी_घोडा
लिहितो. केंद्राची २९ ऑगस्ट २०१८ ची नियमावली डोळ्यांसमोर ठेवा, बहुतेक विद्यापीठांची परिपत्रकं तिच्यावरच बेतलेली असतात.

वेळ: तासाला किमान २० मिनिटं. तीन तासांचा पेपर चार तास, अडीचचा तीन तास वीस मिनिटं, दोनचा दोन तास चाळीस. तासापेक्षा कमी असेल तर त्याच प्रमाणात आणि पाचाच्या पटीत. ४५ मिनिटांच्या चाचणीला १५ मिनिटं. ही वेळ लेखनिक न घेणाऱ्या लक्षणीय दिव्यांग विद्यार्थ्यालाही मिळते. 'लेखनिक नाही, मग जादा वेळ कशाला' असं परीक्षा केंद्रावर सर्रास ऐकवतात. ते चूक आहे.

लेखनिक: पूर्ण अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी असणाऱ्यांनी मागितला की द्यायचा. बाकीच्यांना जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं 'लिहिण्यात शारीरिक मर्यादा आहे' असं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. हा नमुना यूडीआयडीपेक्षा वेगळा कागद आहे. इथे निम्मे अर्ज अडतात. रुग्णालयात नमुना छापील नसतो, तो आपणच भरून न्यायचा.

लेखनिक आपला आणायचा की संस्थेचा, ही निवड विद्यार्थ्याची. आपला असेल तर शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खाली, पण किमान दहावी पास. भाषांच्या पेपरांसाठी वेगळा लेखनिक चालतो, एका विषयाला मात्र एकच. संस्थेने दिलेला असेल तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटू द्यायचं असतं. ऐनवेळी तो आजारी पडला तर बदलून मिळण्याची तरतूदही त्यातच आहे. शहाणे लोक राखीव लेखनिकाचे कागदही आधीच जमा करून ठेवतात.

स्पर्धा परीक्षा आणि सीईटींना हे डोळे झाकून लावू नका. तिथे त्या वर्षीची माहितीपुस्तिका प्रमाण.

शेवटचा_बाक
'एक पायरी खाली' म्हणजे तृतीय वर्षाला द्वितीय वर्षाचा चालेल ना?

कागदी_घोडा
इथे विद्यापीठागणिक अर्थ बदलतो. काही एक वर्ष खाली मानतात, काही पदवीला बारावीचाच हवा म्हणतात, काही 'दुसऱ्या शाखेचा' अशी जादा अट घालतात. म्हणून आपल्या विद्यापीठाचं चालू परिपत्रक हातात असायला हवं. संकेतस्थळावर सापडलं नाही तर माहिती अधिकारात मागवा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

कृष्णाकाठ
सगळं ठीक, पण एक तास जादा म्हणजे इतरांवर अन्याय नाही का? पास व्हायला सगळ्यांचीच धावपळ असते.

स्पष्टवक्ती
आला, दर धाग्यावर येणारा प्रश्न आला.

अंगठेबहाद्दर
विचारू द्या, उत्तर सोपं आहे. लेखनिकाला सांगून लिहून घेताना दर वाक्य तीनदा होतं: विद्यार्थी सांगतो, तो लिहितो, मग वाचून दाखवतो. इंग्रजी पेपरला स्पेलिंग सांगावी लागतात. अर्थशास्त्राच्या आकृतीत 'क्ष अक्षावर मागणी, उभ्यावर किंमत, वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरती रेषा, ती मध्यावर छेदणारी दुसरी' हे तोंडी सांगून काढून घ्यायला दोनदा खोडरबर लागतं. पदवीधारक लेखनिक घेऊन हे घड्याळ लावून करून बघा. नियमावलीतही या वेळेला 'जादा' नाही, भरपाईची वेळ म्हटलंय.

कृष्णाकाठ
मान्य. माझ्या डोक्यात पास-नापासाचं गणित होतं, आकृतीचं नव्हतं.

बेरकी_कारकून
आता परीक्षेच्या दिवशी काय अडतं ते ऐका, हे परिपत्रकात नसतं.

(१) सकाळचा पेपर साडेदहा ते दीड, या मुलाचा अडीचपर्यंत. दुपारचा पेपर दोनला. एकाच दिवशी दोन पेपर असतील तर मुलगा दुसऱ्याला अर्धा तास उशिरा आणि उपाशी. वेळापत्रक लागल्या लागल्या अशी टक्कर शोधा आणि लेखी कळवा. दुसरा पेपर त्याच खोलीत उशिरा सुरू करता येतो, पण ते केंद्रावर आधी ठरलेलं हवं.

(२) दीडची घंटा झाली की शिपाई सगळ्या खोल्यांतून गठ्ठे गोळा करत येतो. वेगळ्या खोलीतल्या पर्यवेक्षकाला कुणी काही सांगितलेलं नसतं, तो उत्तरपत्रिका ओढतो. मंजुरीपत्राच्या तीन झेरॉक्स: एक केंद्रप्रमुखांकडे, एक त्या खोलीतल्या पर्यवेक्षकाच्या हातात, एक हॉल तिकिटाला टाचलेली. घंटेला तोंडी वाद घालू नये, कागद पुढे करावा.

(३) सगळ्यात वाईट. मुलाचा बैठक क्रमांक मुख्य हॉलच्या ब्लॉकमध्ये असतो. तिथला बाक रिकामा, पर्यवेक्षक हजेरीपत्रकात 'गैरहजर' लाल शाईने लिहून मोकळा. इकडे मुलगा वेगळ्या खोलीत चार तास लिहितोय. उत्तरपत्रिकेचं पाकीट वेगळं जातं आणि निकालात तो विषय गैरहजर दिसतो. उपाय: पेपर सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात वरिष्ठ पर्यवेक्षकाकडून मूळ ब्लॉकच्या हजेरीपत्रकावर 'स्वतंत्र कक्षात हजर' असा शेरा मारून घ्यायचा आणि पुरवण्यांसकट बारकोड क्रमांक आपल्याकडे टिपून ठेवायचा. निकाल राखून ठेवला गेला तर हा क्रमांकच कामी येतो.

निंबोणी
तिसऱ्या मुद्द्यासाठी कारकूनभाऊंना साष्टांग दंडवत.

तिरपागडा
आणि दिव्यांग कक्ष दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तो मुद्दा क्रमांक शून्य. :)

टंकवेडा
लेखनिकावर सगळे तुटून पडलेत, पण ज्यांना टंकलेखन येतं त्यांनी संगणक मागावा. नियमावलीत तो पर्याय आहे, आणि यंत्र एक दिवस आधी तपासून घ्यायची मुभाही आहे. ती सोडू नका.

तपासायचं काय? एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा) चालतो का, त्यात मराठी आवाज निवडलेला आहे का, इअरफोनची खाच काम करते का, मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक चालू आहे का. शब्दतपासणी बंद, इंटरनेट बंद, दर मिनिटाला आपोआप जतन चालू. यूपीएस हवाच. प्रिंटर त्याच खोलीत नसेल तर छापायला फाइल कोण नेणार हे आधी ठरवा. छापलेल्या दर पानावर बैठक क्रमांक आणि पर्यवेक्षकाची सही, आणि पानं नेहमीच्या उत्तरपत्रिकेलाच टाचायची, कारण बारकोड तिच्यावर असतो. सुटी पानं गेली की तपासणी केंद्रावर त्यांना वाली नसतो.

शेवटचा_बाक
अल्पदृष्टीवाल्यांना मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका मिळते ना? की एथ्रीवर झेरॉक्स?

टंकवेडा
झेरॉक्सच देतात, आणि ती अपुरी पडते. एफोरवरून एथ्रीवर मोठं केलं की अक्षर १४१ टक्के होतं. मूळ १० पॉइंटचं असेल तर १४ पॉइंट. मोठ्या छपाईत साधारण १८ पॉइंट धरतात. शिवाय एथ्री कागद परीक्षेच्या बाकावर उत्तरपत्रिकेशेजारी मावत नाही. मुलगा एक कागद मांडीवर घेतो आणि भिंग दुसऱ्या हातात. अर्जात 'मोठी अक्षरे' एवढंच लिहू नका. 'मूळ फाइलवरून एफोर कागदावर, १८ पॉइंट, ठळक, एका बाजूला छपाई' असं लिहा.

नोट्सचं दुखणं वेगळं. मराठी माध्यमाच्या नोट्स अजूनही श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत फिरतात. डोळ्यांना मराठी दिसतं, स्क्रीनरीडरला मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला ऐकू येतो. तपासणी सोपी: पीडीएफमधली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी राहिली तर युनिकोड. नाही राहिली तर मूळ फाइल मागून फॉन्ट परिवर्तकातून काढा. स्कॅन केलेलं पान असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं. गुगल ड्राइव्हमध्ये टाकून गुगल डॉक्सने उघडलं तरी मराठी बऱ्यापैकी येतं, पण जोडाक्षरं, रफार आणि तक्ते हाताने तपासावेच लागतात.

पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय बघा. आणि 'स्कॅन करून दिलं तर कॉपीराइटचा भंग होईल' असं ग्रंथपाल म्हणाले तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(झेडबी) दाखवा. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुलभ प्रती करायला मोकळीक दिलेली आहे.

नंदादीप
कर्णबधिरांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

वर्गात पहिला बाक मिळाला की काम झालं असं समजतात. ओठवाचन करणाऱ्याला अगदी पुढचा, कडेचा बाक वाईट, मान वर आणि तिरकी ठेवावी लागते. दुसरी रांग, मधली जागा, खिडकी पाठीशी. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये ही मागणी लेखी द्या, तोंडी सांगितलेली दोन तासिका टिकते.

रिमोट माइक (शिक्षकांचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारा) असेल तर तो हनुवटीखाली साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर लावायचा. बाई शिकवत असतील तर मंगळसूत्र किंवा ओळखपत्राची साखळी माइकवर आपटते आणि मुलीच्या कानात प्रत्येक पावलाला ठणठण होते. कॉलरला किंवा खांद्याकडे सरकवून बघा. पदराच्या काठावर लावलात तर कापड घासून खरखर येते.

परीक्षेत एक हमखास अडचण: 'प्रश्न तीन ब मध्ये दुरुस्ती करून घ्या' असं पर्यवेक्षक तोंडी सांगून जातात. कर्णबधिर मुलाला ते कळतच नाही, तो चुकीचा प्रश्न सोडवत बसतो. अर्जात लिहा: 'सर्व तोंडी सूचना फळ्यावर किंवा कागदावर लिहून द्याव्यात.' शून्य खर्चाची सोय आहे, तरी मागितल्याशिवाय मिळत नाही.

स्पष्टवक्ती
+१. खर्चाचं नाव पुढे करून नाकारलेल्या बहुतेक सोयी अशाच फुकटातल्या असतात.

विदर्भवासी
रॅम्पला तरी खर्च येते. आणि येऊनही चुकीचा बांधतात. उतार १ ला १२ हवा. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची, तिला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो. कॉलेजात बघा, दोन मीटरचा असतो. त्यावरून व्हीलचेअर चढवायला दोघं लागतात आणि उतरवायला देव. दार ९० सेंटिमीटर मोकळं मिळालं पाहिजे, चौकटीसकट नाही.

तिरपागडा
तो नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फोटोसाठी बांधलेला रॅम्प, त्यावर कुंड्या ठेवायच्या असतात.

बेरकी_कारकून
हसू नका, नॅकचाच उपयोग होतो. मूल्यांकनात दिव्यांगस्नेही सोयींची माहिती द्यावी लागते, आणि स्वयंमूल्यमापन अहवाल कॉलेजच्या संकेतस्थळावर असतो. त्यात 'लेखनिक सुविधा उपलब्ध, लिफ्ट उपलब्ध' असं लिहिलेलं असेल तर त्या पानाची प्रत अर्जाला जोडायची. प्राचार्य 'आमच्याकडे ही सोय नाही' असं लेखी देऊ शकत नाहीत.

पण तोवर वाट बघू नका. वर्ग तळमजल्यावर हलवणं हा सगळ्यात जलद उपाय आहे. वेळापत्रक लागायच्या आधी मागितलं तर एका दिवसात होतं, नंतर सहा विभागांच्या सह्या.

कृष्णाकाठ
अध्ययन अक्षमतेचं काय? दहावी-बारावीला सवलती घेतलेल्या मुलांना पदवीला त्याच लागू होतात का?

अंगठेबहाद्दर
आपोआप नाही. बोर्डाचं मंजुरीपत्र बोर्डापुरतं. विद्यापीठाला नवा अर्ज आणि चालू प्रमाणपत्र लागतं. २०१८ च्या मूल्यमापन नियमांत अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा घ्यायचं असतं, १८ नंतरचं कायमचं. बारावी संपते नेमकी त्याच सुमारास, आणि शाळेतलं जुनं प्रमाणपत्र दाखवल्यावर परीक्षा विभाग परत पाठवतो. मुंबईत सायन, नायर, केईएम या रुग्णालयांत तारखा लांबच्या मिळतात. फेरतपासणीची तारीख अठराव्या वाढदिवसाच्या आसपासची आधीच घेऊन ठेवा.

सोय मागताना नेमकेपणा हवा. वाचायला अडचण असेल तर लेखनिक नव्हे, वाचक मागा. नियमावलीत लेखनिक, वाचक आणि प्रयोगशाळा सहायक असे तिघेही आहेत. प्रात्यक्षिकाला ब्युरेट धरायला, नळीतला द्रव ओतायला सहायक मिळतो. ब्युरेटवरचं माप कुठपर्यंत आलंय ते विद्यार्थ्याने बघायचं, नोंद आणि निष्कर्ष त्याचेच.

अटलांटिकपार
थोडं अवांतर, पण पुढे परदेशी जाणाऱ्यांच्या उपयोगाचं. अमेरिकेत शाळेतला आयईपी, म्हणजे त्या मुलापुरता शिक्षण आराखडा, शाळेबरोबर संपतो, विद्यापीठात विद्यार्थ्याने स्वतः दिव्यांग सेवा कार्यालयात नोंद करायची. पालकांनी केलेला फोन चालत नाही. प्राध्यापकाला मंजूर सोयींचं पत्र जातं, निदान सहसा सांगत नाहीत. आणि यूडीआयडी कार्डावरची टक्केवारी तिथे फारशी उपयोगाची नाही. 'या अडचणीमुळे वाचनाचा वेग किती, लिहिताना किती वेळ लागतो' असा कार्यात्मक मर्यादा सांगणारा अलीकडचा अहवाल मागतात. भारत सोडण्यापूर्वी इंग्रजीत करून घ्या, तिथे स्वखर्चाने फार महाग पडतो. ब्रिटनमधला दिव्यांग विद्यार्थी भत्ता बाहेरून गेलेल्या विद्यार्थ्यांना मिळत नाही, पण विद्यापीठाने सोयी देणं बंधनकारकच आहे.

स्पष्टवक्ती
निदान न सांगण्याचा मुद्दा इथेही उचलायला हवा. सोयीच्या अर्जात आजाराचा इतिहास लिहायची गरज नाही. मानसिक आजाराच्या बाबतीत तर नकोच. 'प्रमाणपत्र सोबत, मागितलेल्या सोयी पुढीलप्रमाणे' एवढं पुरे. विभागप्रमुखाला सोयींची यादी जावी, प्रमाणपत्र नव्हे.

निंबोणी
आणि नाकारलं तर? कुठे जायचं?

कागदी_घोडा
क्रमाने. आधी प्राचार्यांना अर्ज, आवक क्रमांकासह पोच. मग विद्यापीठाचा परीक्षा विभाग आणि समान संधी कक्ष. सरकारी आणि अनुदानित संस्थांत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २३ नुसार तक्रार निवारण अधिकारी नेमलेला हवा, त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. त्यापुढे जिल्हास्तरीय समिती, आणि मग पुण्यातलं राज्य दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय. आयुक्तांची शिफारस आली की संस्थेला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, नाही मानली तर कारण द्यावं लागतं.

विनाअनुदानित खासगी कॉलेज 'आम्हाला कायदा लागू नाही' म्हणतं. कलम ३२ चं पाच टक्के आरक्षण सरकारी आणि अनुदानितांना आहे, हे खरं. पण कलम १६ सरकारमान्य शिक्षणसंस्थांनाही धरतं, आणि वाजवी सोयी त्यातच येतात.

बेरकी_कारकून
कायद्याने बरोबर, पण पहिल्याच अर्जात आयुक्तांना प्रत टाकू नका. फाइल त्याच क्षणी 'वादग्रस्त' होते आणि सह्या करणारे हात आखडते घेतात. परीक्षेला महिना असेल तर परीक्षा विभागातल्या टेबलावर समोर बसून काम होतं.

स्पष्टवक्ती
यावर असहमत. महिना असेल तर बसा समोर. आठवडाच उरला असेल तर प्रत टाकाच, गोड बोलून आठवडा जातो.

बेरकी_कारकून
आठवडा उरला असेल तर टाका, चालेल.

कागदी_घोडा
आता निंबोणी यांचा पहिला प्रश्न तसाच राहिलाय. प्रवेशअर्जातला रकाना.

दोन गोष्टी वेगळ्या करा. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतला रकाना हा आरक्षणाचा दावा असतो. तो भरला की ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र कागदपत्र तपासणीत द्यावं लागतं, ते मुदतीत नसेल तर दावा रद्द होऊन अर्ज खुल्या गटात जातो. ४० टक्क्यांखाली असाल तर तो भरू नका, उगाच फेऱ्या होतात. ४० च्या वर आहे आणि कागद तयार आहे, तर भरायला हरकत नाही.

प्रवेश झाल्यावर कॉलेज आणि विद्यापीठाच्या नोंदणी अर्जात पुन्हा तोच रकाना येतो. तो मात्र भराच, टक्केवारी कितीही असो. परीक्षा अर्ज त्याच नोंदीवरून भरला जातो. तिथे 'नाही' असेल तर पुढे परीक्षेच्या अर्जात लेखनिकाचा पर्यायच उघडत नाही, मग नोंदणी दुरुस्तीचा वेगळा अर्ज, वेगळं शुल्क.

कृष्णाकाठ
म्हणजे मी 'भरू नये' म्हणालो ते अर्धंच बरोबर.

तिरपागडा
या संस्थळावर अर्धं बरोबर म्हणजे प्रथम श्रेणी.

निंबोणी
वरचं सगळं धरून अर्जाचा मसुदा केलाय, चुका काढा:

'मा. प्राचार्य, मी प्रथम वर्ष कला, तुकडी अ, नोंदणी क्र. ___. माझे यूडीआयडी कार्ड सोबत जोडले आहे. कृपया चालू शैक्षणिक वर्षातील सर्व अंतर्गत व सत्रांत परीक्षांसाठी पुढील सोयी मंजूर कराव्यात: तासाला २० मिनिटे भरपाई वेळ, तळमजल्यावर आसन, प्रश्नपत्रिका १८ पॉइंट, एफोर, तोंडी सूचना लेखी. मंजुरीपत्राची प्रत परीक्षा विभाग व केंद्रप्रमुखांस पाठवावी. आपली नम्र.'

बेरकी_कारकून
'कृपया' ठेवा. 'चालू शैक्षणिक वर्षातील' खोडून 'पदवी अभ्यासक्रमाच्या संपूर्ण कालावधीसाठी' करा, नाहीतर दर जूनमध्ये हाच उद्योग. तरी काही विद्यापीठं दर सत्राला मागतातच, तेव्हा जुनं मंजुरीपत्र जोडायचं. नोंदणी क्रमांकासोबत मोबाइल नंबर लिहा.

नंदादीप
'अंतर्गत' नंतर कंसात 'वर्गचाचणी, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, तोंडी परीक्षा' असं घाला. ऑनलाइन चाचणीत वेळ संपली की पान आपोआप बंद होतं. त्या मुलापुरती वेळ आधी वाढवून ठेवावी लागते, चालू चाचणीत ऐनवेळी ते जमेलच असं नाही.

शेवटचा_बाक
तोंडी परीक्षेला पण वेळ वाढवून मिळते?

नंदादीप
तिथे मिनिटांपेक्षा पद्धत बदलून मागा. कर्णबधिराला प्रश्न लिहून दाखवणं, अडखळणाऱ्याला उत्तर लिहून द्यायची मुभा, एका वेळी एकाच परीक्षकाने बोलणं. बाहेरचे परीक्षक त्याच दिवशी येतात, म्हणून मंजुरीपत्राची प्रत त्यांच्या टेबलावर आपण स्वतः ठेवायची.